टाकीवर जाऊन बसलेले दोन चौकोन

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत गेलो होतो, पण त्या वर्षी गुरुजींचं आणि माझं काही पटलं नाही. दोघांपैकी एकालाच शाळेत राहता येणार होतं. गुरुजी राहिले.

वाचता येतं मला, कुणी गैरसमज करून घेऊ नये. एसटीवरचं गावाचं नाव वाचतो, लग्नपत्रिका वाचतो, खताच्या गोणीवरचं तर उलट्या बाजूनंही वाचतो. फक्त वेळ लागतो. एकेक अक्षराला जवळ बोलवावं लागतं, विचारावं लागतं, तू कोण. म्हणून मी लहानपणापासून वस्तू नावावरून नाही, जागेवरून ओळखायला शिकलो. फवारणीच्या औषधांच्या खोलीत फळीवर डावीकडून तिसरी बाटली भुरी रोगाची, कोपऱ्यातली बसकी ती करप्याची. एका दिवाळीला बायकोनं साफसफाई म्हणून सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणं लावल्या. छान दिसत होत्या. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ते दोन दिवस लय सुखात गेले, असं ती अजून पाहुण्यांना सांगते.

आमच्या दोन द्राक्षबागा आहेत, दिंडोरीच्या पुढं. खालची बाग ओढ्याकडं, काळी जमीन, मोठी. वरची बाग टेकाडावर, मुरमाड, लहान. काळी जमीन पाणी धरून ठेवते, मुरूम लगेच सोडून देतो. म्हणून खालचीला थोडं आणि वरचीला जास्त, हा हिशोब. मण्यात पाणी उतरायला लागलं की हा हिशोब चुकवून चालत नाही. जास्त झालं तर मणी तडकतात, आणि तडकलेला मणी शिवता येत नाही. दोन्ही बागांचं पाणी मी तरुण होतो तेव्हापासून माझ्याच हातात. फवारणी मुलाकडं गेली, छाटणीची मजूरटोळी मुलाकडं गेली, व्यापारी तर माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत आता. पाणी तेवढं राहिलं होतं.

तेही गेलंच असतं, पण सूनबाईनं वाचवलं. ती घरी बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी कॉम्प्युटरचं काम करते. तिनं दोन्ही बागांत मातीत ओल मोजणारे दांडे रोवले, ठिबकच्या नळीला विजेवर चालणारे व्हॉल्व्ह बसवून घेतले आणि स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर माझ्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. लॅपटॉप ओट्यावरच्या टेबलावर ठेवला. त्यात दोन चौकोन. ती त्यांना विंडो म्हणते, मी चौकोनच म्हणतो. एक चौकोन खालच्या बागेचा, एक वरच्या. आत मातीतली ओल दिसते, खाली एक हिरवं बटण. दाबलं की तिकडं पाणी चालू.

पहिल्याच दिवशी मी दोन्ही चौकोन नीट लावून घेतले. आमच्या ओट्यावरून बघितलं तर खालची बाग डाव्या हाताला खाली दिसते आणि वरची उजव्या हाताला वर. मी बोटानं ओढून खालचीचा चौकोन डावीकडं खाली नेला, कोपरा धरून मोठा केला. वरचीचा उजवीकडं वर, लहान. आता समोर बघावं की शेत आणि लॅपटॉपमध्ये बघावं की शेत. वाचायचं काय कामच नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर दोन्ही चौकोन मधोमध, एकावर एक, सारख्याच मापाचे. जसे काही भाऊबंद वाटणी विसरून परत एका खोलीत राहायला आले.

"सूनबाई, हे परत इथं कसे?"

"नाना, प्रोग्रॅम नवीन चालू झाला की ते मध्येच उघडतात. तुम्ही ओढून घ्या ना."

"म्हणजे मी रोज सकाळी उठून तुझ्या प्रोग्रॅमला त्याची जागा दाखवायची? बैलाला एकदा दावण दाखवली की तो दुसऱ्या दिवशी आपला आपण जातो."

ती हसली, पण बसली त्यावर. संध्याकाळी म्हणाली, आता चौकोन हलला की प्रोग्रॅम चार आकडे टिपून ठेवेल. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. हे आकडे ठिपक्यांत. अख्खा पडदा बारीक ठिपक्यांचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मी चौकोन ओढला आणि तिनं टिपण उघडून दाखवलं. बघतो तर आकड्यांच्या शंभर ओळी.

"एवढं काय टिपलं?"

"तुम्ही ओढताना प्रत्येक ठिपक्याला तो हलतो ना, तेवढ्या वेळा."

"मग हा वेडा आहे. मोजणीला माणूस येतो तो साखळी ओढत असताना आकडे लिहितो का? साखळी ताणली, खुंटी ठोकली, मग लिहितो."

तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि पाच मिनिटांत बदल केला. हात थांबल्यावरच टिपायचं. मला म्हणाली, "नाना, हे मला सुचायला हवं होतं." त्या दिवशी जेवताना मला एक भाकरी जास्त गेली. त्यानंतर चौकोन आपापल्या जागी उघडायला लागले.

मुलाला मात्र हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्याचं म्हणणं, शेजारच्या तीन-चार बागाईतदारांनी मिळून पाणी आणि खतासाठी पगारी माणूस ठेवलाय, आपणही त्यात जाऊ. नानांना आता दिसत नाय, ऐकू येत नाय. हे तो माझ्यासमोरच म्हणायचा, म्हणजे ऐकू येतं हे त्याला माहीत होतं.

त्याचं माझं तसंही एका गोष्टीवरून रोज वाजतं. तो ट्रॅक्टर आणतो, लिंबाखाली लावतो आणि मागचा रोटाव्हेटर अधांतरी ठेवून इंजिन बंद करतो. शंभरदा सांगितलं. अवजार आधी जमिनीला टेकवायचं, मग इंजिन बंद करायचं. अधांतरी लोखंडाखालनं कोंबडी जाते, कुत्रं जातं, उद्या माणूस जाईल. लिफ्टचं तेल उतरलं की ते खाली यायचंच. तो म्हणतो, "नाना, नवीन ट्रॅक्टरला काय होत नाय." नवीन ट्रॅक्टरला काही होत नाही हे खरं. कोंबडी जुनीच असते.

तर सूनबाई चार दिवस येवल्याला माहेरी निघाली, तेव्हा मुलानं डाव टाकला.

"नाना, चार दिवस ती नाय. तुम्ही एकट्यानं चालवा तिचं मशीन. धड चाललं तर पाणी तुमच्याकडं, मी परत विषय काढणार नाय. एक जरी घोळ झाला, तर तो पगारी माणूस."

"चालवतो."

"नीट इचार करा."

"विचार तू कर. त्या पगारी माणसाला नाही म्हणून सांगायला जड जाईल."

पहिला दिवस मजेत गेला. सकाळी सूनबाईनंच जाता जाता लॅपटॉप चालू करून दिला होता. दोन्ही चौकोन जागेवर. डावीकडचं बटण, उजवीकडचं बटण, झालं. संध्याकाळी लॅपटॉप बंद करायचं काम रोज तीच करायची, त्या दिवशी पहिल्यांदा मी केलं. दोन्ही चौकोनांच्या डोक्यावर एक आडवी रेघ असते, ती दाबली की चौकोन खाली पट्टीत जाऊन बसतो. मी पहिला खाली टेकवला, दुसरा खाली टेकवला, मग सगळं बंद केलं. शिस्त ती शिस्त, मग ट्रॅक्टर असो की लॅपटॉप.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तर पडदा मोकळा.

मागं डोंगराचा फोटो तेवढा. खाली पट्टीत दोन्ही चौकोनांची खूण दिसत होती, म्हणजे ते होते. मी खूण दाबली. काही नाही. परत दाबली. नाही. घरात माणूस आहे, चपला दारात आहेत, हाक मारली तर ओ देत नाही, असला प्रकार. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. नाही. त्याला थोडा हलवला. नाही.

फोन खिशात होता. सूनबाईला लावला असता तर तिनं दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं असतं. पण ती सांगणार, इथं दाबा, तिथं लिहिलंय ते वाचा, आणि मी अक्षरं बोलवत बसणार, आणि मुलगा शेजारी चहा पीत उभा. नाही लावला.

"नाना, पाणी सोडलं का?" मुलानं विचारलं.

"सोडतो."

बायको भाकरी थापता थापता बोलली, "अहो, त्या डोंगराकडं काय बघून ऱ्हायले मघापासून? तिथं पण पाणी सोडायचंय का?"

मी काठी घेतली आणि खालच्या बागेत गेलो. वेलीखालची मूठभर माती घेतली, लाडू वळला, छातीएवढ्या उंचीवरून सोडला. लाडू फुटला पण विस्कटला नाही, म्हणजे थोडंच पाणी पाहिजे. त्या विजेच्या व्हॉल्व्हला बाजूला एक हातानं फिरवायची चावी आहे, ती फिरवली. तंबाखू मळून ती संपेपर्यंत खालच्या बागेचं पाणी. मग टेकाड चढलो. वरच्या बागेचा लाडू पार भुगा झाला. तिथं दोन तंबाखूंचं पाणी. उतरताना गुडघे माझ्याशी बोलत नव्हते, पण पाणी बरोबर गेलं. अगदी मोजून.

तिसऱ्या दिवशीही तेच.

मला काय माहीत, नळीवरचा मीटर किती पाणी गेलं ते सरळ सूनबाईच्या मोबाईलला कळवतो. तिकडं येवल्यात ती बघतेय, लॅपटॉपवरून हुकूम कुणी दिलेला नाही आणि पाणी दोन दिवस वाहतंय. तिला वाटलं नळी फुटली, नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय. तिनं नवऱ्याला फोन केला.

मुलगा माझ्याकडं आला. "नाना, पाणी तुम्ही लॅपटॉपवरूनच सोडता ना?"

"बागेला पाणी मिळतंय का नाही?"

"मिळतंय, पण..."

"झालं तर मग."

मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. मधल्या बांधावरून चाललो.

त्याच दिवशी दुपारी त्यानं पाइपलाइनवाल्या फिटरला बोलावलं. चौथ्या दिवशी सकाळी फिटर कुदळ घेऊन हजर. मी त्याच्या मागं मागं खालच्या बागेत गेलो. नळी वेलींच्या ओळीच्या कडेकडेनं, हातभर खोल आहे. त्यानं सुरुवातीला पडीक जागेत खणलं. मला काही वाटलं नाही, म्हटलं खणू दे, त्याचाही व्यायाम होईल. त्याला काही सापडणार नाही आणि तो जाईल. पण सापडत नाही म्हणून तो जाणार कसा? सापडत नाही म्हणून तो पुढं सरकतो. सरकत सरकत तो पहिल्या वेलीपाशी आला.

कुदळ वर गेली.

आता वेलीवर माल आहे, मण्यात पाणी उतरतंय, आणि हा त्याच वेळी तिच्या मुळ्या तोडणार. असाच सरकत गेला तर सगळी ओळ सुकायची. एका बाजूला माझं पाणी, एका बाजूला वेल. विचार करायला वेळच नव्हता, नाहीतर मी कदाचित केलाही असता.

"थांब! नळी धड हाय. पाणी मी सोडलंय, हातानं."

फिटरनं कुदळ हळूच खाली ठेवली. मुलगा माझ्याकडं बघत राहिला.

"हातानं? का?"

"चौकोन हरवले."

"कधी?"

"परवा."

"आन तुम्ही आम्हाला सांगितलं नाय?"

मी वेलीकडं बघितलं.

"हा घोळच झाला ना, नाना? उद्या मी त्या माणसाला सांगून टाकतो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी उलट ओरडलो असतो. तो हळू बोलला.

फिटर बिचारा म्हणाला, "खड्डा बुजवू का?"

"बुजव," मी म्हणालो. "मलाही त्यातच घाल."

दुपारच्या एसटीनं सूनबाई आली. तिला वाटेतच कळलं असावं, कारण हातातली पिशवी न ठेवताच ती लॅपटॉपपाशी बसली. मी समोरच्या खांबाला टेकून बसलो. मुलगा उभा, बायको दारात. तिनं आकड्यांचं टिपण उघडलं, बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

"चौकोन आहेत. पण डावीकडून उणे बत्तीस हजार. वरूनही उणे बत्तीस हजार."

"उणे म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पडद्याच्या बाहेर, नाना. डावीकडं बत्तीस हजार ठिपके लांब, आणि तेवढेच वर."

"फुटात सांग."

तिनं तोंडातल्या तोंडात हिशोब केला. "साधारण एकोणीस-वीस फूट."

मी उठलो. लॅपटॉपपासून डावीकडं पावलं टाकली. सात पावलं, गोठ्याच्या कोपऱ्याशी आलो. मान वर केली. तिथं वीस फूट उंचावर पाण्याची टाकी.

"म्हणजे टाकीवर बसलेत."

बायको दारातून पदर सावरत बाहेर आली आणि खरंच टाकीकडं बघायला लागली. "दोघंपण?"

सूनबाईला हसू आवरेना. मग तिनं विचारलं, "नाना, मी गेले त्या संध्याकाळी बंद कसं केलंत? एकेक सांगा."

"आधी दोन्ही चौकोन खाली टेकवले, मग बंद केलं. टेकवल्याशिवाय कसं बंद करायचं?"

तिनं टिपण परत एकदा बघितलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "चूक माझी आहे. चौकोन खाली पट्टीत बसवला की कॉम्प्युटर त्याला आत कुठं टाकून देत नाही, त्याची जागा म्हणून हाच आकडा सांगतो, उणे बत्तीस हजार. म्हणजे नजरेआड. माझ्या प्रोग्रॅमनं तीच जागा खरी समजून टिपली आणि दुसऱ्या दिवशी इमानदारीनं त्यांना तिथंच नेऊन उघडलं. खाली टेकवलेला असेल तेव्हा टिपायचंच नाही, आधीची जागा धरून ठेवायची, हे मी लिहायला पाहिजे होतं. मी कधी असं बंद करतच नाही, म्हणून मला कळलंच नाही."

"खाली पट्टीत जे लिहिलंय त्यावर उजवं बटण दाबलं असतं तर आले असते का?" मुलगा म्हणाला.

"आले असते. यादी येते, त्यात..."

"त्यात वाचावं लागतं," मी म्हणालो. सगळे माझ्याकडं बघायला लागले, म्हणून मग सांगूनच टाकलं. "मी ती खालची नावं वाचत नाही. बटणावरचंही वाचत नाही. मला वाचता येतं, पण वेळ लागतो, आणि पाण्याला वेळ नसतो. खालची बाग खाली, वरची वर, तेवढं मला बास होतं. ते जागेवर नव्हते म्हणून मी गेलो हातानं सोडायला."

बायको म्हणाली, "हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं." आणि चहा टाकायला आत गेली.

"चूक हिची का असेना," मुलगा म्हणाला, "पण दोन दिवस लपवलं, ते कुणी केलं? फिटरनं मुळ्या तोडल्या असत्या तर?"

एरवी मी उलट काहीतरी बोललो असतो, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. मी एवढंच म्हणालो, "ते तुझं बरोबर आहे." माझ्या मुलानं हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. तो थोडा गोंधळला आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

सूनबाई तिथंच बसून राहिली. तिनं दोन गोष्टी केल्या. चौकोन टेकवलेला असताना आकडे टिपायचे नाहीत. आणि उघडायच्या आधी प्रोग्रॅमनं बघायचं, सांगितलेली जागा पडद्यावर आहे की नाही. नसेल तर चौकोन जवळच्या कडेला आणून ठेवायचा. मग लॅपटॉप माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "आता तुम्ही तुमच्या पद्धतीनं बंद करा." मी टेकवले, बंद केलं, उघडलं. खालची बाग खाली, वरची वर. तिनं मला हे आठदा करायला लावलं. नवव्यांदा मी म्हणालो, आता त्याला कळलं, बैलालासुद्धा एवढं लागत नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. उद्यापासून सकाळी उठून करायचं काय, हा विचार चालला होता. ट्रॅक्टर आला, लिंबाखाली लागला. रोटाव्हेटर वर, अधांतरी. इंजिन बंद झालं. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या दिवशी मला कुणाला काही सांगायचा अधिकार नव्हता.

मुलगा उतरला. चार पावलं आला. थांबला. मागं वळला, परत वर चढला, इंजिन चालू केलं. रोटाव्हेटर सावकाश खाली आला, मातीला टेकला. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडं न बघता हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो ओट्याशी आला. पगारी माणसाचा विषय नव्हता. लॅपटॉप उघडा होता, चौकोन आपापल्या जागी.

"नाना, खालच्या बागेला आज किती सोडायचं?"

"थांब," मी म्हणालो आणि काठी शोधली. "आधी मातीचा लाडू करून बघतो. आणि ऐक, काही हरवलं तर सांगीन तुला."